कोरड्या पेंढ्याला कस कसा आणावा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत एरवी पाककृती, बाळाची निगा, बचत अशा विषयांवर बोलणे होते. यंदा मला गुरांच्या वैरणीवर बोलायला सांगितले, तेव्हा दोघी-तिघी हसल्या आणि म्हणाल्या, "हा कसला बायकांचा विषय?" मी म्हणते, याहून बायकांचा विषय दुसरा कोणता? पहाटे उठून गोठा कोण झाडते? शेण कोण भरते? गंजीवरून पेंढा उपसून गव्हाणीत कोण टाकते? उन्हाळ्यात हिरव्या गवताच्या चार काड्यांसाठी ओढ्याकाठी कोण हिंडते? दूध घेऊन डेअरीवर बहुधा पुरुषमंडळी जातात आणि दुधाची चिठ्ठी त्यांच्या खिशात असते. पण त्या चिठ्ठीवर किती लिटर आणि किती फॅट लिहिले जाणार, हे आदल्या दिवशी गव्हाणीत ठरलेले असते. आणि गव्हाण आपल्या हाती आहे.

आपला मावळ भाताचा. दिवाळीच्या पुढेमागे भात कापतो, झोडतो, आणि पेंढ्याच्या गंजी लावतो. फाल्गुनापर्यंत बांधावरचे गवत संपते. तिथून पाऊस पडून हिरवे उगवेपर्यंत गुरांच्या पुढ्यात पेंढाच. त्याच दिवसांत दूध आटते, म्हशीच्या बरगड्या दिसू लागतात, माजावर यायचे जनावर येत नाही, आणि पेंडीची उधारी वाढते. मुलांच्या शाळेचा खर्चही जून महिन्यातच उभा राहतो. म्हणून पेंढ्याला थोडा कस आणता आला, तर तो घरातल्या पैशाचाच प्रश्न आहे असे समजा.

आता पेंढ्यात असते तरी काय, ते आधी पाहू. भाताची लोंबी भरू लागली की रोपातले बहुतेक सत्त्व दाण्यात उतरते. मागे उरतो तो रोपाचा सांगाडा. हा सांगाडा निकामी नसतो. तो ज्या तंतूंचा बनलेला आहे त्यांना शास्त्रात सेल्युलोज म्हणतात, आणि ते साखरेच्याच कणांची लांब माळ असते. एक किलो पेंढ्यात कोंडलेली उष्णता एक किलो धान्यापेक्षा फारशी कमी नाही. चुलीत पेंढा कसा भडकतो ते आपण पाहतोच. पण ही माळ कुलूपबंद असते. विटांच्या भिंतीत चुन्याचा दर्जा भरावा, तसे या तंतूंच्या मध्ये लिग्निन नावाचे लाकडासारखे कठीण द्रव्य भरलेले असते. भाताच्या पेंढ्यात वर सिलिकाही असते. सिलिका म्हणजे वाळूच्याच जातीची वस्तू. पेंढा उचलताना हाताला ओरखडे येतात ते तिच्यामुळेच.

माणसाला हे कुलूप मुळीच उघडत नाही. गाई-म्हशींना थोडे उघडते, कारण देवाने त्यांना चार कप्प्यांचे पोट दिले आहे. पहिला कप्पा म्हणजे कोठीपोट. तो सर्वांत मोठा. मोठ्या म्हशीच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो. तिथे डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. आपण दुधाला विरजण लावतो, तसे हे जीव वैरणीला आतल्या आत आंबवतात. त्यातून जे निघते त्यावर जनावर जगते. शिवाय हे जीव पुढच्या कप्प्यांत गेले की त्यांचेही पचन होते, आणि जनावराला प्रथिने मिळतात ती पुष्कळशी त्यांच्यापासूनच. म्हणून म्हशीला खाऊ घालायचे म्हणजे आधी तिच्या पोटातल्या या जिवांना खाऊ घालायचे, हे लक्षात ठेवा.

या जिवांना वाढायला नत्र लागते. पेंढ्यात ते नसल्यासारखेच. शंभर किलो पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ किलो. जनावराचे पोट नीट चालायला वैरणीत शेकडा ७ तरी प्रथिने असावीत. ती नसली की जीव मंदावतात, पेंढा कोठीपोटात पडून राहतो आणि पुढे सरकत नाही. कोठी भरलेली, म्हणून जनावर आणखी खात नाही. पोट नगाऱ्यासारखे आणि अंगावर मात्र हाडे, असे जनावर आपण चैत्र-वैशाखात पाहतो. ते उपाशी असते असे नाही. त्याचे पोट भरलेले असते, पण अंगी लागत नाही. आपण खाऊ घातलेल्या पेंढ्यातला निम्म्याहून अधिक भाग तसाच शेणावाटे बाहेर पडतो.

तेव्हा उपाय दोन प्रकारचे हवेत. कुलूप सैल करायचे आणि पोटातल्या जिवांना नत्र द्यायचे. हे दोन्ही एकाच वेळी साधणारी रीत मी पुढे सांगणार आहे. परंतु तिच्याआधी काही साधे उपाय आहेत. ते न करता एकदम मोठ्या उपायाला हात घालणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखे आहे.

पहिला उपाय कापणीचा. इतर बहुतेक पिकांत पाने पचायला हलकी आणि दांडा जड. भाताचे उलटे आहे. भाताच्या पानांत सिलिका जास्त, म्हणून पानांपेक्षा दांडा बरा पचतो. तेव्हा विळा जमिनीला धरून चालवावा. फूटभर धस शेतात ठेवला तर पेंढ्यातला चांगला भाग शेतात राहिला असे समजावे. यंत्राने कापणी होते तिथे धस उंच राहतो. घरच्यांनी यंत्रवाल्याशी आधी बोलून ठेवावे.

दुसरा साठवणीचा. पेंढा दोन-तीन उन्हे देऊन खडखडीत वाळवूनच गंज लावावी. खाली दगडांवर फाट्यांचा मांडव करावा, म्हणजे ओल चढत नाही. शेंडा उतरता शाकारावा. ओला पेंढा दडपला की बुरशी धरते, आणि बुरशीचा पेंढा म्हणजे जनावराच्या पोटात विष. तो गाभण म्हशीला तर कधीच घालू नये.

तिसरा कुट्टीचा. अख्खा पेंढा टाकला की म्हैस निवडून खाते, पायाखाली तुडवते आणि उरलेला आपण सकाळी उकिरड्यावर नेतो. इंच-दीड इंचाची कुट्टी केली तर वाया फार थोडे जाते आणि खाणे वाढते. कुट्टीने कुलूप उघडत नाही, पण गळती थांबते. मात्र कडबाकुट्टी यंत्र चालवताना पदर खोचलेला असावा, बांगड्या मागे साराव्यात, पेंढा रेटायला हाताऐवजी काठी घ्यावी आणि पोरांना जवळ येऊ देऊ नये. या यंत्राने बोटे गेलेल्या बाया पंचक्रोशीत आहेत. घाईच्या वेळीच अपघात होतो.

चौथा उपाय म्हणजे कुट्टीवर मिठाचे पाणी शिंपडून ती तासभर ओली ठेवणे. धूळ बसते, चव येते, जनावर आवडीने खाते. आणि पाचवा म्हणजे पेंढ्यात थोडे हिरवे मिसळणे. सुबाभूळ, शेवरी, हादगा यांचा पाला बांधावर लावला तर उन्हाळ्यातही मिळतो. मूठभर हिरव्याने पोटातल्या जिवांना नत्र मिळते, आणि पेंढ्यात मुळीच नसलेले अ जीवनसत्त्व जनावराला मिळते. मात्र सुबाभळीचा पाला थोडाच घालावा. फार घातला तर जनावराला बाधतो, केस गळतात.

आता मुख्य रीत. हिला पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया म्हणतात. मी घरी तिला पेंढा मुरवणे म्हणते.

ही कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत जनावरांना खायला धान्य उरले नव्हते. तेव्हा तिकडच्या बेकमन नावाच्या शास्त्रज्ञाने पेंढा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून पचायला हलका करण्याची रीत काढली. क्षाराने लिग्निनची पकड सैल होते, हे त्यामागचे तत्त्व. पण पेंढा पुन्हा धुवायला पाणी फार लागे, धुताना सत्त्वही वाहून जाई, आणि सोडा हाताला भाजणारा. गरिबाच्या गोठ्यात ते कसे जमणार? पुढे अमोनिया वायूनेही तेच काम होते असे कळले. आणि १९८०च्या सुमारापासून श्रीलंका, बांगलादेश, चीन आणि आपल्या देशात असा अमोनिया युरियापासून गंजीतच तयार करण्याची रीत शेतकऱ्यांना दाखवली जाऊ लागली. मला ती आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिबिरात शिकवली.

अमोनिया म्हणजे काय, हे कोणा भगिनीला सांगायला नको. पावसाळ्यात गोठ्याचे दार बंद राहिले आणि सकाळी उघडले की नाकात झणका बसतो, डोळ्यांतून पाणी येते, तोच अमोनिया. जनावराच्या मुतात युरिया असतो, तो फुटतो आणि हा वायू निघतो. आपण पेंढ्यावर युरियाचे पाणी शिंपडून तो झाकला की आत हेच घडते. निघालेला वायू पेंढ्यात मुरतो, काडी फुगते, मऊ होते, कुलूप सैल पडते. आणि त्याच वायूतले नत्र काडीला चिकटून राहते, ते कोठीपोटातल्या जिवांच्या उपयोगी पडते. नीट मुरलेल्या पेंढ्यात प्रथिनांचा हिशोब शेकडा ३-४ वरून ७-८ पर्यंत जातो. पूर्वी शंभरातले ४०-४५ भाग पचत असतील तर ५०-५५ पचू लागतात. आणि जनावर पेंढा खातेही अधिक.

आता कृती सांगते. लिहून घ्या, कारण यात अंदाज चालत नाही.

पेंढा १०० किलो. युरिया ४ किलो. पाणी ४० लिटर. वर झाकायला न फाटलेला जाड प्लॅस्टिकचा कागद. पेंढा काट्यावर तोलूनच घ्यावा. पेंढ्याचा भारा डोळ्यांना फसवतो.

जागा गोठ्याजवळची, उंचवट्याची, पाणी न साचणारी असावी. भिंतीचा कोपरा असला तर दोन बाजू आयत्याच बंद होतात. खाली प्लॅस्टिक अंथरावे. युरिया पाण्यात पुरता विरघळवावा. तळाशी एक खडाही राहता कामा नये, कारण तो खडा ज्या जनावराच्या तोंडी जाईल त्याचे काही खरे नाही. मग १० किलो पेंढ्याचा थर पसरावा आणि त्या पाण्याचा दहावा हिस्सा झारीने सारखा शिंपडावा. झारी नसेल तर डब्याला खिळ्याने भोके पाडली तरी काम होते. वर-खाली करून पेंढा सगळीकडे ओला झाला की पायांनी दाबावा. त्यावर दुसरा थर. असे दहा थर. जितके दाबाल तितकी आतली हवा कमी आणि मुरणे चांगले. शेवटी प्लॅस्टिकने सगळीकडून झाकावे, कडा मातीने लिंपाव्यात, वर दगड किंवा जुने टायर ठेवावेत. कागदाला भोक पडले की वायू निसटला, आणि वायू निसटला की मेहनत फुकट.

पाणी कमी पडले तर युरिया फुटत नाही. जास्त झाले तर पेंढा कुजतो. म्हणून ४० लिटर म्हणजे ४० लिटर. उन्हाळ्यात २१ दिवस झाकून ठेवावे. थंडीच्या दिवसांत चार आठवडे लागतात, कारण थंडीत विरजणही उशिरा लागते, तसेच हे.

उघडताना एका बाजूनेच उघडावे, तोंड बाजूला धरावे, पोरांना जवळ ठेवू नये. चांगला मुरलेला पेंढा पिवळसर-तपकिरी दिसतो, हाताला मऊ लागतो आणि वास झणझणीत येतो. त्या दिवसापुरता काढून घ्यावा, लगेच पुन्हा झाकावे, आणि काढलेला पेंढा तासभर तरी मोकळ्या वाऱ्यावर पसरावा. वास कमी झाला की मग गव्हाणीत टाकावा. कुठे बुरशी दिसली तर तेवढा भाग खताच्या खड्ड्यात टाकावा. तिथे जीव गुंतवू नये.

पहिल्या दिवशी सगळा मुरवलेला पेंढा घालू नये. एक हिस्सा मुरवलेला आणि दोन हिस्से साधा असे मिसळून सुरुवात करावी, आणि आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावे. पोटातल्या जिवांनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. जनावराला पोटभर पाणी असावे. दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे. भाताच्या पेंढ्यात चुना अंगी लागू न देणारी द्रव्ये असतात, म्हणून ते टाळू नये.

एक म्हैस दिवसाला ५ किलो मुरवलेला पेंढा खाते असे धरा. २१ दिवसांत सुमारे १०० किलो झाला. म्हणजे एका जनावरामागे १०० किलोचा एक ढीग तीन आठवडे पुरतो. तो उघडला त्याच दिवशी दुसरा लावायचा. पहिला संपेपर्यंत दुसरा तयार. असे माघापासून चालू ठेवले तर उन्हाळाभर खंड पडत नाही.

आता जपण्याच्या गोष्टी, आणि या मी दोनदा सांगेन तरी तुम्ही रागावू नका.

युरिया मुरला की औषध, आणि तसाच पोटात गेला की विष. युरियाचे पाणी कालवलेली बादली क्षणभरही गोठ्यात उघडी ठेवू नये. तहानलेली म्हैस ती तोंड लावून ओढील आणि तासाभरात आडवी पडेल. काम झाले की बादली, झारी, घमेले लगेच धुऊन, ते पाणी शेतात ओतावे. युरिया दिसायला मिठासारखा, साखरेसारखा पांढरा. तो स्वयंपाकघरात, माळ्यावर, डब्यात कधी ठेवू नये. पोरे आणि म्हातारी माणसे फसतात.

सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, रेडकाला हा पेंढा घालू नये. त्याचे कोठीपोट अजून तयार झालेले नसते. घोडा, गाढव, डुक्कर यांना तर कधीच नाही, कारण त्यांना कोठीपोटच नाही. आजारी किंवा फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावरालाही नको. हिरव्या चाऱ्यावर ही प्रक्रिया करू नये. आणि मुरवताना गूळ घालू नये. काही ठिकाणी पेंढ्यावर युरिया, गूळ आणि मीठ यांचे पाणी शिंपडून लगेच चारतात. ती रीत निराळी, तिची मापे निराळी. एकीचे माप दुसरीत घातले तर अनर्थ होतो.

बाधा झाल्याची खूण अशी: जनावर बेचैन होते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, पोट फुगते, चाल अडखळते. हे दिसताच चारणे थांबवून तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. ते फोनवर सांगतील त्याप्रमाणे, ते येईपर्यंत थंड पाण्यात व्हिनेगार घालून पाजतात. आंबट द्रव्य अमोनियाला मारते. पण पाजताना ठसका लागून पाणी फुप्फुसात जाऊ नये, म्हणून हे काम जाणत्या माणसाने करावे. बाजारातला हळद-हिंगाचा उपाय करत बसू नये, वेळ जातो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग ही ब्याद हवीच कशाला? आमच्या आत्याबाईही हेच म्हणाल्या होत्या. "शेतात टाकायचे खत, ते लक्ष्मीच्या तोंडी घालतेस होय गं?" त्यांचे म्हणणे मला उडवून लावता आले नसते. त्यांनी साठ वर्षे गुरे सांभाळली आहेत. मी डॉक्टरांचेच उत्तर त्यांना सांगितले. युरिया ही परकी वस्तू नव्हे. प्रत्येक जनावराच्या रक्तात आणि मुतात ती असते. इतकेच नव्हे, तर गाय-म्हैस रवंथ करताना जी लाळ गिळते, तिच्यातूनही थोडा युरिया रोज कोठीपोटात परत जातो, आणि तिथले जीव तो वापरतात. आपण जे करतो ते निसर्गात चालूच आहे. फरक आहे तो मापाचा आणि मुरण्याचा. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दुभतीला नको. आधी भाकडीला चार, महिनाभर बघू." हा सल्ला मला शास्त्राला धरूनच वाटला, आणि तुम्हालाही मी तोच देते. एक ढीग, एक भाकड म्हैस, एक महिना. महिनाभराने आत्याबाईंनीच सकाळची गव्हाण दाखवली. उष्टावळ उरली नव्हती आणि म्हशीच्या कातडीला तकाकी आली होती. पुढच्या ढिगाच्या वेळी पाण्याचे माप त्यांनीच धरले.

दुधाचे काय, असे विचाराल. मी फुगवून सांगणार नाही. पेंढा मुरवला म्हणून बादली भरून वाहत नाही. दूध वाढले तर थोडे वाढते. खरा लाभ दुसरीकडे आहे. उन्हाळ्यात जनावर खंगत नाही, दूध एकदम आटत नाही, त्याच दुधासाठी पेंड थोडी कमी लागते, आणि माजावर येण्याचा काळ लांबत नाही. जी गाय दिवसाला पंधरा-वीस लिटर देते, तिला मुरवलेल्या पेंढ्यावर ठेवता येणार नाही. तिला हिरवा चारा आणि खुराक हवाच. आणि ज्यांच्याकडे ज्वारीचा चांगला कडबा आहे, त्यांनी कुट्टी केली तरी पुरे. कडबा मुळातच पेंढ्यापेक्षा सरस. ही रीत आहे ती भाताच्या पेंढ्यासाठी, गव्हाच्या भुश्शासाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी आणि आपल्या पडत्या दिवसांसाठी.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आतबाहेर मिळते. चार किलोचे पंचवीस रुपयांच्या आसपास झाले. एवढ्यात एक किलो सरकी पेंडही येत नाही. प्लॅस्टिकचा कागद जपून वापरला तर पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

मग इतकी स्वस्त आणि उपयोगी रीत देशात इतकी वर्षे दाखवूनही गावोगावी का रुजली नाही? यावर मी पुष्कळ विचार केला. कारण कागदावरच्या हिशोबात एक रकम धरलेली नसते, ती म्हणजे आपली मेहनत. चाळीस लिटर पाणी उचलून कोण आणणार? शंभर किलो पेंढा उपसून, तोलून, थर लावून, तुडवून कोण देणार? ते सारे बाईच्या कामात "शिवाय" म्हणून धरले जाते. आधीच पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतच्या कामात आणखी अर्धा दिवस. एकटी बाई एकदा करील, दोनदा करील, तिसऱ्यांदा कंटाळेल. तिचा आळस म्हणून हे घडत नाही. तिला दोनच हात आहेत.

म्हणूनच हा विषय मी माझ्या घरापुरता न ठेवता मंडळापुढे मांडला. आपल्याकडे भाताच्या लावणीला सावड असते. आज माझ्या खाचरात दहा जणी, उद्या तिच्या खाचरात आपण दहा जणी. तीच सावड पेंढ्याला लावू. पाच जणींचा गट केला तर १०० किलोचा ढीग तास-दीड तासात होतो. एकीने तोलावे, एकीने पाणी कालवावे, दोघींनी थर लावून तुडवावे, एकीने शिंपडावे. पाच शनिवारी पाच घरे.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या शिलकेतून एक तोलकाटा, दोन झाऱ्या आणि जाड प्लॅस्टिकचे दोन कागद घ्यावेत. ते पाळीपाळीने सर्वांना मिळावेत आणि त्यांची नोंद वहीत राहावी. दुसरी, पहिल्या ढिगाच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवून सर्वांच्या देखत करून घ्यावे, म्हणजे मापाबद्दल शंका राहणार नाही. तिसरी सूचना पुरुषमंडळींसाठी आहे, आणि मागे बसलेले भाऊ ऐकत आहेत म्हणून मोठ्याने सांगते. पाणी आणून देणे आणि पेंढा गंजीवरून उतरवून देणे हे काम त्यांच्याकडे असावे. दूध सर्वांच्या घरात जाते, तर पाण्याचा हंडा एकीच्याच डोक्यावर का?

आणि एक मागणी घरातल्या घरात करायची आहे. पेंडीत जो पैसा वाचेल, त्यातला थोडा तरी जिने पेंढा तुडवला तिच्या बचतखात्यात पडावा. ही रक्कम लहान असेल, पण तिच्या नावावर असेल. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण दर महिन्याच्या बचतीत पाहतोच आहोत.

भगिनींनो, उत्तरेकडे भाताचे पेंढे शेतातच पेटवतात आणि त्याचा धूर शहराशहरांत जातो, असे आपण दर वर्षी ऐकतो. आपल्याकडे पेंढा जाळायची चाल नाही, हे आपले भाग्य. पण न पचणारा पेंढा जनावराच्या पोटातून नुसता फिरवून उकिरड्यावर नेणे हाही एक प्रकारचा नाशच आहे. भात पिकवताना आपण चिखलात वाकून जे श्रम केले, त्यातले निम्मे दाण्यात गेले, तर निम्मे त्या काडीत आहेत. ते वाया जाऊ देऊ नयेत, एवढेच माझे सांगणे आहे.

ज्यांना पहिल्या गटात नाव द्यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे द्यावे. माघ लागला की पहिला ढीग लावू.